ठिणगी मिळत नाही

११ जानेवारी २०२५, शनिवार

तीन आठवडे ही वही उघडली नव्हती. लिहायचं काय? अर्ज पाठवले, नकार आले, दारातला बर्फ काढला. आज मात्र वेगळं काहीतरी झालं.

जेवणं झाल्यावर दिगंबरकाका म्हणाले, "गिरिजा, तू मेकॅनिकलची ना? मग चल जरा." मागच्या शेडचं दार बर्फात रुतलं होतं, ते फावड्याने मोकळं केलं. आत ताडपत्रीखाली त्यांची स्नोमोबिल. १९८८ची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायची. बर्फावरची मोटारसायकलच म्हणायची, फक्त पुढे चाकाऐवजी दोन स्की आणि मागे रबराचा रुंद पट्टा.

"नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला माझी नैना येऊन गेली," काका म्हणाले, "त्यानंतर पहिला बर्फ पडला. मी दोरी ओढली. काही नाही! छत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

मी दहा-बारा वेळा दोरी ओढली. इंजिन फिरतंय, कॉम्प्रेशन चांगलं आहे, पेट्रोलचा वास येतोय. प्लग काढून त्याला टोपी लावली, सिलिंडरच्या लोखंडाला टेकवला आणि पुन्हा ओढली. ठिणगी नाही. दुसऱ्या बाजूलाही नाही.

"इग्निशन," मी म्हटलं.

"ते मलाही कळतंय गं," काका हसले. "पण माझे हात आता थरथरतात. तू करशील?"

काका एकोणऐंशी वर्षांचे. हिबिंगला लोखंडाच्या खाणीत इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर डुलुथच्या बाहेर या तळ्याकाठच्या घरात राहायला आले, आणि काकू गेल्यापासून एकटेच. त्यांच्या मुलीने, नैनाताईने, महाराष्ट्र मंडळातून माझा पत्ता काढला: खालची खोली घे, बाबांना सोबत कर, स्वयंपाक आणि बर्फाचं बघ. मला नोकरी नव्हती, घर नव्हतं. मी डिसेंबरच्या मध्याला आले.

"करते," म्हटलं. कित्येक दिवसांनी कोणीतरी मला माझ्या विषयातलं काही विचारलं होतं.

१३ जानेवारी, सोमवार

नवे प्लग घातले. ठिणगी नाही. प्लगच्या टोप्या तपासल्या, एक फुटलेली होती, बदलली. ठिणगी नाही. हँडलवरचं लाल बटण, किल्लीचा स्विच, दोन्ही सोडवून मीटर लावला. ठीक आहेत.

शेडमध्ये उणे पंधरा. स्क्रू हाताला चिकटतात. काका बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि मला हवं ते हत्यार मी मागायच्या आधी पुढे करतात. आज मात्र दोनदा पाना मागितला तर पक्कड दिली. मीच उठून पाना घेतला. अंधार असतो तिथे.

१९ जानेवारी, रविवार

नैनाताईचा रविवारचा फोन. ती मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला असते, कुठल्याशा मेडिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "ताई नको म्हणूस, जस्ट नैना," असं दर वेळी सांगते. माझ्याच्याने होत नाही.

"बाबा कसे आहेत? जेवतात? गोळ्या?"

"सगळं ठीक आहे."

"आणि ते मशीन? अजून त्याच्या मागे आहेत का?"

"शेडमध्ये बसतात कधी कधी."

"पण ते चालत नाही ना? इट्स डेड, राइट?"

"हो, अजून तरी."

"गुड," ती म्हणाली आणि विषय बदलला.

मला जरा राग आला. म्हाताऱ्या माणसाची एवढी एक हौस, तिच्यातही हिला आनंद नाही. मी दुरुस्तीला हात घातलाय हे सांगितलं नाही. काकांनीच सांगितलंय, तिला सरप्राइज द्यायचं.

आमटीत आज मीठ दोनदा पडलं. मी घातलं होतं, नंतर काकांनीही घातलं. असं होतं एका स्वयंपाकघरात दोघं असली की.

२२ जानेवारी, बुधवार

फ्लायव्हीलच्या मागची कॉइल मोजली. जुन्या पुस्तकात दिलंय तेवढंच रीडिंग. वरची इग्निशन कॉइल मोजली, तीही बरोबर. तारा कुठे तुटलेल्या नाहीत. एकेक भाग सुटा तपासला की निर्दोष, आणि सगळे जोडले की मेलेले. राहता राहिला तो काळा डबा, ज्यातून ठिणगीचा हिशोब होतो. तो उघडता येत नाही, बदलूनच बघायचा.

काका आज खूप बोलले. विनीताकाकू तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात नर्स होत्या. तेव्हा हे घर म्हणजे छोटं केबिन होतं; काकू नोकरीसाठी इथे राहत आणि काका सुट्टीला हिबिंगहून येत. हिवाळ्यात गाडीरस्ता बंद झाला की काका गोठलेलं तळं ओलांडून स्नोमोबिलने त्यांना आणायला जात. "मागच्या दाराशी उभा राहतो मी. तिची शिफ्ट चारला सुटते. पांढरे बूट हातात, जाड बूट पायात, अशी येते. आणि मागे बसली की माझ्या कोटाच्या खिशात हात घालते, तिचे हात फार गार पडतात."

किती छान सांगतात. जणू कालचीच गोष्ट.

३० जानेवारी, गुरुवार

वाईट आठवडा. मिलवॉकीच्या कंपनीचा नकार आला. तिसऱ्या फेरीपर्यंत गेले होते. व्हिसाच्या नियमाने नोकरीशिवाय नव्वद दिवस चालतात, माझे पन्नास झाले. रात्रंदिवस हा आकडा डोक्यात असतो. आईला फोनवर सांगितलं, "होईल काहीतरी." आई म्हणाली, "परत ये की मग." ती प्रेमाने म्हणाली, पण मी फोन ठेवून रडले.

क्लोकेटच्या एका माणसाकडे तसलाच जुना डबा मिळाला. आज बसवला. काका आणि मी दोघांनी श्वास रोखून दोरी ओढली.

ठिणगी नाही.

काकांनी प्लग उचलून उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "राहू दे. तिला म्हणावं, बसने ये." मी म्हटलं, "कोणाला?" तर ते माझ्याकडे बघून हसले आणि आत गेले.

२ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!

सकाळी माझ्या बाबांशी फोनवर बोलत होते. इचलकरंजीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी त्या वार्निशच्या वासातच वाढले. सहज सगळी हकीकत सांगितली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद करायची तार सोडून बघितलीस?"

नव्हती सोडली! या जातीच्या इग्निशनमध्ये इंजिन बंद करायला एक तार बॉडीला टेकवतात. टेकली की ठिणगी बंद. मी स्विच तपासले होते, पण स्विचपासून डब्यापर्यंतची तार तपासलीच नव्हती. "ती तार कुठेतरी बॉडीला टेकून अर्थ झालीय बघ," बाबा म्हणाले. "पोरी, एवढी शिकलीस आणि पहिली पायरीच गाळलीस."

धावत शेडमध्ये गेले. डब्याजवळ ती तार सुटी केली, दोरी ओढली. निळी, लख्ख ठिणगी. दोन्ही बाजूंना.

मग तारेचा माग काढत गेले. सीट काढली, टाकी उचलली. टाकीखाली मूळ तारेला एक नवी तार जोडलेली होती, आणि तिचं दुसरं टोक बॉडीला स्क्रूने घट्ट आवळलेलं. स्क्रू नवा, चकचकीत. वर काळी टेप, चार वेढे, एकावर एक नीट बसवलेले. उंदराचं काम नव्हे हे, माणसाचं. कुणा अर्धवट मेकॅनिकने कशासाठी केलं असेल देव जाणे. काकांना विचारलं, शेवटची कोणी उघडली होती? म्हणाले, "माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

जोड कापून टाकला. तिसऱ्या हिसक्याला इंजिन पेटलं. शेडभर निळा धूर आणि तो फाटका आवाज! काका टाळ्या वाजवत होते. मला मिठी मारली त्यांनी. पन्नास दिवसांचे त्रेपन्न झालेत, पण आज मला त्याचं काही वाटलं नाही.

नैनाताईचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. "काय झालं?" ती म्हणाली. "काही नाही, सगळं ठीक."

९ फेब्रुवारी, रविवार

काकांनी काठाकाठाने एक चक्कर मारून आणली. मी मागे बसले होते. चालवताना त्यांचे हात थरथरत नाहीत. परत येताना ओरडून म्हणाले, "विनीता, घट्ट धर!" उतरल्यावर मी मुद्दाम म्हटलं, "काका, मी गिरिजा." ते म्हणाले, "मला माहीत आहे," तेही जरा तिरसटपणे.

छत्तीस वर्षांची सवय असणार. जीभ वळते तशी.

नैनाताईला सांगावं का? सांगितलं तर ती म्हणेल यांना सोबत पुरत नाही, इकडेच आणते. मग हे घर बंद. मी कुठे जाणार? लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण वहीत तरी खरं लिहावं.

"सगळं ठीक," म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चहाचं भांडं जळून काळं झालं. काका म्हणाले, मी ठेवलंच नव्हतं. मग भांडं टाकून आले बाहेर, स्लिपर घालून, उणे वीसमध्ये. मी ओरडले. ते लहान मुलासारखे कावरेबावरे झाले, आणि मला इतकं वाईट वाटलं की शिरा करून दिला.

रोज दुपारी ते शेडमध्ये जाऊन इंजिन दहा मिनिटं चालवून ठेवतात. मन रमतं त्यांचं.

परवा इंटरव्ह्यू आहे. मिनियापोलिसची कंपनी, पंपांचं काम, शेवटची फेरी, दोन ते साडेचार, व्हिडिओवर. एकोणसत्तर दिवस झाले. ही गेली तर बॅग भरायची.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलमध्ये बसून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

काल दोनला इंटरव्ह्यू सुरू झाला. काकांना जेवायला वाढलं होतं, सांगितलं होतं, साडेचारपर्यंत खाली येऊ नका. ते म्हणाले, "जा, जिंकून ये." खालच्या खोलीत हेडफोन लावून बसले. चांगलं चाललं होतं. साडेतीनच्या सुमाराला शेडमधून इंजिनचा आवाज आला. रोजचाच. समोरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी माझा माइक म्यूट केला. ते प्रश्न विचारत होते, मी मान हलवत होते, आणि आवाज हळूहळू लांब गेला. लांब गेला हे मला कळलं होतं. मला वाटलं, काठाने चक्कर मारतील. मी माइक चालू केला आणि उत्तर दिलं.

चार चाळीसला वर आले. ताट तसंच होतं. शेड उघडं. पट्ट्याचा ठसा सरळ तळ्यावर, मधोमध, पलीकडे. बाहेर उणे बावीस आणि वारा.

९११ला फोन केला. काठावर जाऊन हाका मारल्या. पायी निघाले त्या ठशावरून, शेरिफच्या माणसांनी मला मागे आणलं.

साडेपाचला मासेमारीच्या तंबूतून परतणाऱ्या दोघांना ते दिसले. वृद्धाश्रमाच्या मागच्या दाराशी. ती इमारत बंद होऊन नऊ वर्षं झाली, खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. काका गाडीवर बसून होते. इंजिन चालू होतं. हातमोजे काढून त्यांनी मागच्या सीटवर ठेवले होते, नीट, जोडीने. त्या माणसांना ते म्हणाले की शी विल बी आउट एनी मिनिट.

रस्त्यात कुठेही इंजिन बंद पडलं नाही. बर्फ कुठे तुटला नाही. सगळं उत्तम चाललं.

आता इथे लिहिते. १३ जानेवारीला पाना मागितला तर पक्कड दिली. १९ला मीठ. ३०ला "तिला म्हणावं, बसने ये." मी सगळं लिहून ठेवलंय. मागची पानं पुन्हा पुन्हा चाळतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार

नैनाताई गुरुवारी रात्रीच गाडी चालवत आली. मला मिठी मारली, "थँक गॉड यू कॉल्ड." काल दिवसभर डॉक्टर. उजव्या हाताची चार बोटं आणि डावीची दोन जातील. फ्रॉस्टबाइट, थंडीने गोठून मेलीत. न्यूमोनियाही आहे.

आज कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलो. तिने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता.

"गिरिजा, ते मशीन चालू कसं झालं?"

"मी दुरुस्त केलं."

तिने कप खाली ठेवला.

"टाकीखाली कुणीतरी एक तार जोडली होती, बॉडीला. ती मी कापली."

"मी जोडली होती," ती म्हणाली. "थँक्सगिव्हिंगला. बाबा झोपले होते तेव्हा. व्हिडिओ बघून बघून केलं, चार तास लागले." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लास्ट विंटर ते एकदा निघाले होते. शेजाऱ्यांनी मधूनच परत आणलं. मी किल्ली लपवली, तर नवी करून घेतली. विकते म्हटलं, तर दोन महिने फोन उचलला नाही. म्हणून म्हटलं, आपोआप मेलं असं वाटू दे. त्यांना वाईट वाटणार नाही."

"मला सांगायचं ना."

"हो. सांगायला हवं होतं. मला लाज वाटली. बापाला फसवतेय असं वाटलं." तिचे डोळे भरले. "इट्स माय फॉल्ट. तुला काय माहीत? तुला तर ते नॉर्मलच वाटत असणार."

टेबलावर साखर सांडली होती ती मी बोटाने गोळा करत बसले.

५ मार्च, बुधवार

नोकरी मिळाली. पंपांची कंपनी. सोमवारी हजर व्हायचं.

बोटं गेली. काका विचारत नाहीत कुठे गेली.

घर विकायला काढलंय. मी भांडी खोक्यात भरली. शेडकडे गेले नाही.

१३ एप्रिल, रविवार

पाच रविवार झाले, मी जातेय. काका ईडन प्रेरीला एका मेमरी केअरमध्ये, म्हणजे स्मृती गेलेल्यांच्या आश्रमात आहेत, नैनाताईच्या घरापासून दहा मिनिटांवर. मला बसने दीड तास लागतो. ते मला ओळखत नाहीत, पण मराठी ऐकलं की चेहरा उजळतो. दर वेळी गाव विचारतात. मी इचलकरंजी सांगते, ते म्हणतात, "मग इतक्या थंडीत इथे कशाला आलीस?"

आज मुगाची खिचडी करून नेली होती. हातांना अजून बँडेज आहे, चमचा धरता येत नाही. मी भरवत होते. नैनाताई शेजारी बसून लॅपटॉपवर काम करत होती. मधेच म्हणाली, "तू आहेस म्हणून मला बरं वाटतं. तू काहीच लपवत नाहीस."

मी चमचा वाटीत ठेवला.

"नैनाताई," म्हटलं, "मला माहीत होतं."

"काय?"

"सगळं. मीठ दोनदा पडायचं. भांडं जळलं. स्लिपरवर बाहेर गेले. मला विनीता म्हणाले. म्हणजे कळत होतं, पण मी कळून घेतलं नाही. तू दर रविवारी विचारायचीस आणि मी ठीक म्हणायचे. तुला सांगितलं असतं तर तू त्यांना इकडे आणलं असतंस आणि मला जागा राहिली नसती. आणि त्या दिवशी इंजिन लांब गेलेलं मी ऐकलं. मी इंटरव्ह्यूत होते. मी माइक म्यूट केला."

तिने लॅपटॉप मिटला. उठून बाहेर गेली. खिडकीतून ती पार्किंगमध्ये दिसत होती, गाडीला टेकून, कोट न घालता. काका म्हणाले, "ती कोण?" मी म्हटलं, "तुमची मुलगी." "हो का? छान आहे."

दहा मिनिटांनी ती परत आली. नाक लाल झालं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नकोस. आय मीन... मी फोन करीन. केला तर ये."

"बरं."

"आता जा तू. मी भरवते."

मी चमचा तिच्या हातात दिला. काका तोंड उघडून बसले होते, आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत. वाटीत अजून निम्मी खिचडी होती.